उन्हातली इरली

बायडाबाईच्या लोण्याचं मुरगूडच्या बाजारात नाव होतं, आणि बायडाबाईच्या तोंडाचं सगळ्या कुरणवाडीत. लोणी मऊ आणि तोंड कडक, असं तिचा नवरा गुंडू म्हणायचा. तेही बायको गोठ्यात असली आणि गोठ्याचं दार पुढं केलेलं असलं, तरच म्हणायचा.

दारात दोन म्हशी होत्या. एकीचं दूध घुसळून लोणी बाजारला जायचं आणि दुसरीचं जायचं आकारामच्या पोटात. आकाराम एकुलता एक. संस्थानच्या महाराजांना कुस्तीचा नाद, म्हणून सगळ्या मुलखाला कुस्तीचा नाद. गावोगाव तांबड्या मातीचे आखाडे झालेले, आणि कुरणवाडीच्या आखाड्यात आकारामसारखं पोर नाही, असं सगळे म्हणत. बायडाबाई तर असं बोलायची की तिच्यापुढं बाकीच्यांचं म्हणणं कुजबुजल्यासारखं वाटावं.

गाव आणि मुरगूड यांच्यामध्ये एक ओढा लागायचा. ओढ्याच्या अल्याड करंजाचं झाड, झाडाखाली दगडी कट्टा. सकाळची मेहनत झाली की तालमीतली पोरं अंगाची माती धुवायला ओढ्यावर यायची आणि मग कट्ट्यावर पसरायची. वस्ताद लालासाब होता तोवर ठीक होतं. त्याच्यापुढं पोरांची मान वर होत नव्हती. पण आषाढात त्याला पाठीच्या दुखण्यानं धरलं आणि तो कागलला लेकीकडं जाऊन पडला. दाव्यातनं सुटलेला खोंड, त्याला सगळंच शिवार आपलं. पोरांनी आधी बाजारला जाणाऱ्या बायकांची नुसती थट्टा केली. मग कुणाच्या टोपलीतली काकडी उचलली. मग त्याला नाव मिळालं जकात. टोपली खाली ठेवायची, पोरं हात घालतील ते द्यायचं, आणि वर चार वंगाळ शब्द ऐकून घ्यायचे. नाही म्हणेल तिची टोपली ओढ्यात.

बायका कुरकुरायच्या, पण बायडाबाईला ते पटत नव्हतं. तिनं स्वतः डोळ्यानं बघितलं होतं ना. ती टोपली घेऊन निघाली की पोरं कट्ट्यावरनं उठायची, "काकू, सावकाश, दगड निसरडं हाय," म्हणायची. हे असं का, याचा विचार तिला शिवला नाही. कुरणवाडीतल्या प्रत्येक पैलवानाच्या आईचं हेच होतं. जी आई ओढ्यावरनं जायची, तिच्यापुढं पोरं गाईची वासरं व्हायची. म्हणून प्रत्येकीला वाटायचं, माझं पोरगं त्यात नाही आणि बाकीच्या उगंच बोंब मारतात.

शेजारच्या चाँदबीचे पेरू गेले तेव्हाही हेच झालं. चाँदबी बागवानाची बायको, परड्यातले पेरू बाजारात विकायची. तिनं जकात दिली नाही, तर टोपलीला धक्का बसला, पेरू पाण्यात गेले आणि ती दगडावर पडून मनगट मुरगळलं. बायडाबाई हळद गरम करून घेऊन गेली, लेप घातला, फडकं बांधलं, आणि बांधता बांधता म्हणाली, "कोण हुतं गं? आमचा आकाराम तर तसला न्हाय. तुझा पाय घसरला असंल."

चाँदबी मग खाली बघून म्हणाली, "व्हय. घसरला असंल."

पुढच्या बाजारच्या दिवशी श्रावणाची झिमझिम लागली होती. बायडाबाईचं इरलं शेळीनं खाल्लेलं. पानं गेली, नुसती कामट्यांची टोपी राहिली. ती शेळीला शिव्या देत चाँदबीच्या दारात गेली.

"तुझा हात दुखतोय, तू काय बाजारला जात न्हाईस. तुझं इरलं दे."

चाँदबीनं दिलं. माथ्यावर तांबड्या कापडाचं ठिगळ लावलेलं ते इरलं गावात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. देताना ती घुटमळली. "ओढ्याजवळ जरा..."

"काय जरा?"

"काय न्हाय. घसरतंय."

बाकीच्या बायका पुढं गेलेल्या. बायडाबाई एकटीच, टोपली काखेत, डोक्यावरनं पाठीवर इरलं, वाकून चालली होती. इरल्याखालनं माणसाला दिसतं काय? चिखल, आपले पाय, आणि कुणी समोर आलं तर त्याचे पाय. ओढ्यापाशी असेच पाय तिच्यापुढं येऊन उभे राहिले. तिनं नीट बघितलं. उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. गेल्या साली बैलानं पाय दिला होता, आणि त्या अंगठ्याला रोज हळद-तेल बांधणारी तीच होती.

"आली बगा पेरूची बाग," कट्ट्यावरनं कुणी तरी म्हणालं.

"काय मावशी, हात बरा झाला काय?" हा आवाज अंगठ्याच्या धन्याचा. "त्या दिवशी तुझं पेरू पार नदीला गेलं बग. माशांनी जेवणावळ केली."

पोरं हसली. बायडाबाई हलली नाही.

"जकात टाक."

इरलं फेकून तिथल्या तिथं पोराच्या कानाखाली आवाज काढावा असं तिला वाटलं. पण फेकलं असतं तर पोरगं म्हणालं असतं, आये, थट्टा केली गं, आणि तिनं ते खरं मानलं असतं. आईचं काळीज निमित्तच शोधत असतं. तिला ते ठाऊक होतं, म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं मुकाट्यानं टोपली खाली ठेवली, लोण्याचा गोळा केळीच्या पानावर काढला आणि पुढं सरकवला.

आकारामनं दोन बोटं भरून लोणी तोंडात घातलं. "आज लोणी व्हय मावशी? धंदा बदललास की." मग थुकल्यासारखं केलं. "ह्यातलं ताक सुदीक निथळलेलं न्हाय. पाणी इकतीस व्हय लोकास्नी? माझ्या आईचं लोणी बग एकदा खाऊन. लोणी कशाला म्हंत्यात ते कळंल."

पोरं पुन्हा हसली. नख नसलेल्या पायानं टोपली बाजूला सारली. "जा. आज सोडली."

बायडाबाई बाजारात गेली, उरलेलं लोणी विकलं, मीठ-मिरची घेतली आणि परत आली. काय बोलली, कुणाशी बोलली, तिला काही आठवत नव्हतं. संध्याकाळी आकाराम जेवायला बसला. भाकरी कुस्करली आणि म्हणाला, "आये, लोणी?"

"सपलं."

"एवढं सगळं?"

"एक गिऱ्हाईक लई खादाड भेटलं. खाल्लं आणि वर नावं ठेवली."

आकारामनं मांडीवर थाप मारली. "तुझ्या लोण्याला नावं? कोण त्यो? नाव सांग, हात मोडून ठेवतो त्याचा."

"नाव म्हाईत हाय मला," बायडाबाई भाकरी थापत म्हणाली. "येळ आली की सांगीन."

गुंडूनं मान वर करून बायकोकडं बघितलं. एवढं हळू ती लग्नातसुद्धा बोलली नव्हती. त्यानं पटकन ताटात बघितलं.

जेवणं झाल्याबरोबर ती इरलं घेऊन शेजारी गेली. चाँदबी चुलीपुढं एका हातानं लाकडं सारत होती.

"तुला ठावं हुतं," बायडाबाई दारातनंच म्हणाली. "तिथं कोण हुतं ते तुला ठावं हुतं."

"हुतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय केलं असतंस? माझ्याशीच भांडली असतीस," चाँदबी म्हणाली. "पेरू गेलं ते गेलं. शेजार कशाला घालवू, बायडाक्का?"

बायडाबाई उंबऱ्यावर बसली आणि रडली. आपण हिच्या दुखऱ्या हाताला फडकं बांधता बांधता हिलाच खोटं पाडलं, याची तिला लाज वाटत होती. चाँदबीनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिला राग आला, आणि राग आल्यावर ती पुन्हा ओळखीची दिसायला लागली.

"इरलं ऱ्हाऊ दे माझ्याकडं," ती उठत म्हणाली. "मला लागणार हाय."

दुसऱ्या दिवशी ती चार बायका घेऊन चावडीवर गेली. गणपतराव पाटील माणूस वाईट नव्हता, पण मुरगूडचं मैदान तोंडावर आलेलं. गेल्या साली कुरणवाडीचा पैलवान चितपट झाला होता आणि पाटलाला सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. त्यानं सगळं ऐकलं, मिशीवरनं हात फिरवला.

"बायडाबाई, आता पोरांचं मन मोडायचं दिस न्हाईत. मैदान हुईतवर जरा कळ काढा."

"आणि तवर जकात भरायची व्हय?"

"तसं कसं? मैदान हुईतवर बायकांनी बाजारला जायचंच न्हाई. टोपल्या बापय न्हेतील. झालं की मग."

असा न्याय झाला. पाटलाला वाटलं, फार नामी झाला. चावडीवरनं उतरताना म्हातारी धोंडुबाई म्हणाली, "चोर कट्ट्यावर, आणि कोंडून आमास्नी घातलं."

पुढच्या बाजारला बापय निघाले. गुंडूनं ठेवणीतला पटका बांधला, चरवी उचलली आणि लढाईला निघाल्यासारखा निघाला. ओढ्यावर पोरांनी "राम राम काका" केलं, पुढं होऊन चरवीला हातही लावला. मुरगुडात मात्र गुंडूची गाठ बायकांच्या घासाघिशीशी पडली. "चव बगा, चव बगा," म्हणत त्यानं निम्मं लोणी चवीलाच वाटलं. उरलेलं पहिल्या गिऱ्हाइकानं मागितलं त्या भावाला दिलं. मग मावसभाऊ भेटला, भजी खाल्ली. परत आला तेव्हा हातात भज्यांचं तेलकट पान होतं आणि तोंडावर हसू.

"मीठ?" बायडाबाईनं विचारलं.

गुंडूचं हसू गेलं.

तो एकटाच नव्हता. शालूबाईच्या नवऱ्यानं वांगी विकली ती टोपलीसकट. चाँदबीच्या नवऱ्यानं, बादशहानं, पेरू पाव्हण्यांच्या पोरांना वाटले, पोरं गोड होती म्हणाला. आठवडाभर गावात अळणी कालवण आणि कडू बोलणं. त्यापेक्षा मोठं दुःख वेगळंच होतं. बाजार म्हणजे बायकांना माहेरचं माणूस भेटायचं ठिकाण, बांगड्यांचं दुकान, चार गोष्टी ऐकायची जागा. तेवढी एक वाट होती, तीही गेली. आणि वाकळा धुवायला नदीवर गेलं की बायडाबाईच्या मनात एकच घोळायचं. वाट आज ना उद्या मिळेल, पण पोरगं असंच वाढलं तर आपण दूध पाजून केलं काय?

त्या नदीवरच तिनं विषय काढला. वाकळ आपटता आपटता तिनं सगळ्यांना त्या दिवशीचं सांगितलं, आपल्याच पोरानं आपलंच लोणी कसं खाल्लं ते. काही लपवलं नाही. मग धोंडुबाईची सून शालूबाई हळूच म्हणाली, "आमचा नामा पण असंल त्यात."

"सगळ्यांचंच हायत," बायडाबाई म्हणाली. "आपापल्या आईला वळखत्यात म्हणून आपल्याला पत्त्या न्हाई. आता असं करायचं, वळखूच द्यायचं न्हाई. इरली हायत न्हवं घरात?"

"पाऊस कुटं हाय?" एकीनं विचारलं.

"पाऊस कशाला पायजे?"

धोंडुबाईला आधी कळलं. ती दात नसलेल्या तोंडानं एवढी हसली की वाकळ पाण्यात निघून चालली.

बाजारचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. आणि कुरणवाडीच्या गल्लीगल्लीतनं इरली निघाली. मोठी, लहान, नवी, फाटकी. खाली टोपली, खाली पाय, माणूस कुठं दिसेना. सगळ्यांनी एकमेकींची बदलून घेतलेली. चाँदबीनं बादशहाचं घेतलं होतं. तिचं तांबड्या ठिगळाचं बायडाबाईच्या डोक्यावर होतं.

चावडीवर गणपतराव दात घासत होता. त्यानं इरल्यांची रांग बघितली, वर आभाळाकडं बघितलं, पुन्हा रांग बघितली. "पाऊस हाय व्हय रं?" त्यानं कोतवालाला विचारलं. बापय गोळा झाले, पण अडवायचं कुणाला? आपली बायको कोणती हेच कुणाला सांगता येईना. गुंडूनं एका इरल्याला "अगं ए" म्हटलं, तर आतनं धोंडुबाईनं त्याला अशी शिवी हासडली की तो चार पावलं मागं आला. शेवटी पाटलासकट सगळे मागनं चालू लागले.

ओढ्यावर पोरांना आधी हसू आलं.

"लग्नाची वरात हाय व्हय ही?"

मग हसू जरा कमी झालं. कारण कुणी बोलेना, टोपल्यांवरचे हात पदरात गुंडाळलेले आणि इरली जवळ येत चाललेली.

"आकाराम," एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "माझी आई असंल रं ह्यात."

"माझीबी असंल," नामा म्हणाला आणि करंजाच्या मागं सरकला.

आकारामला माघार घेता येईना. म्होरक्या होता तो. त्यानं रांगेवरनं नजर फिरवली आणि त्याला तांबडं ठिगळ दिसलं. त्याच्या जीवात जीव आला. बाकीच्यांचं सांगता येत नाही, पण ही तर चाँदबी, ही काही आपली आई नाही. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"जकात," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

सगळी इरली थांबली. एकदम खाली बसली. ओढ्याकाठी गवताच्या गंज्या मांडल्यासारखी दिसू लागली. प्रत्येकीपुढं टोपली आली.

शेजारच्या इरल्याखालनं एक हात बाहेर आला. मनगटाला हळदीनं पिवळं झालेलं फडकं, हातात पेरू. "घे की बाळा," चाँदबीचा आवाज आला. "ह्यो नदीला गेला न्हवता."

आकारामनं त्या हाताकडं बघितलं, मग तांबड्या ठिगळाकडं बघितलं. चाँदबी इकडं, तर तिच्या इरल्यात कोण? तेवढ्यात ठिगळाखालनं केळीचं पान पुढं सरकलं. पानावर लोण्याचा गोळा.

"घे," ठिगळाखालनं आवाज आला. "तुझ्या आईचं लोणी हाय. बग, आज तरी ताक निथळलंय का."

आकारामला आजचं कळलं आणि त्या दिवशीचंही कळलं. ते पान, तो गोळा, थुकल्यासारखं केलेलं, पायानं सारलेली टोपली. एवढा दांडगा गडी, पण तो चिखलात मटकन खाली बसला.

"आये," तो म्हणाला, "इरलं काढ."

"न्हाई काढायची."

"आये, चुकलं माझं. काढ की गं."

"काढलं की तू मला वळखशील आणि शाण्यासारखा वागशील. ते मला नगं," बायडाबाई म्हणाली. "खाली कोण हाय हे न बघता ज्या दिवशी उठून उभा ऱ्हाशील, त्या दिवशी काढीन. तवर उन्हातसुदीक घालीन."

तिकडं करंजामागं नामाला कुणीतरी कानाला धरून बाहेर काढलं होतं. इरल्याखाली कोण आहे हे त्याला दिसलं नाही, पण पाठीत बसलेल्या थापेवरनं त्यानं आजी ओळखली. मागं उभे असलेले बापय हसले. पाटील हसला नाही. तो पुढं आला, खाकरला आणि पोरांना म्हणाला, "उचला टोपल्या. मुरगूडपातूर."

"पाटील," धोंडुबाई इरल्यातनं म्हणाली, "मैदान तोंडावर हाय न्हवं? पोरांचं मन मोडंल."

पाटलानं तिचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवलं.

आकारामनं आईची टोपली उचलली नाही. चाँदबीची उचलली. डोक्यावर घेऊन तो मुरगुडात शिरला तेव्हा तिथले पैलवान तालमीच्या दारात उभे होते.

"काय पैलवान, कुणाचं वज्झं?" एकानं खवचटपणे विचारलं.

"मावशीचं," आकाराम म्हणाला. "पेरू घेतोस? गोड हायत." आणि दिवसभर तो चाँदबीच्या शेजारी उकिडवा बसून पेरू विकत होता.

मैदान झालं. आकारामनं कुस्ती मारली. पाटील सगळ्या सोयऱ्यांना सांगत सुटला की पोरांना वळण लावायची युक्ती त्याचीच. कागलहून लालासाब वस्ताद परत आला, सगळं ऐकलं आणि पोरांकडनं एवढ्या बैठका मारून घेतल्या की आठ दिवस त्यांना कट्ट्यावर बसताच येईना. बायका पुन्हा उघड्या डोक्यानं बाजारला जाऊ लागल्या.

बायडाबाई मात्र इरलं घालूनच जायची. भादवा गेला, दसरा गेला. ऊन कडक झालं. मुरगूडच्या बाजारात लोक तिला बघून हसायचे. गुंडू म्हणायचा, "अगं, आता निजतानाबी घाल की." आकाराम रोज सकाळी इरल्याकडं बघायचा आणि तालमीला जायचा.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. बायडाबाई आणि चाँदबी बाजारला निघाल्या होत्या. ओढा अजून लांब होता. पल्याडनं एक बाई येत होती, डोक्यावर वैरणीचा भारा एवढा मोठा की तोंड दिसत नव्हतं. ओढ्यात तिचा पाय अडखळला. कट्ट्यावर पोरं बसलेली. ती सगळी उठून उभी राहिली, आणि आकाराम पाण्यात उतरून भारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन वर आला. भाऱ्याखालनं निघालेली बाई कुणीच ओळखीची नव्हती.

"पावणं, कुणाकडं जायचं?" तो विचारत होता. "चला, सोडतो."

तो भारा घेऊन बायकांच्या बाजूनं गेला. वैरण तोंडावर आलेली, त्याला आई दिसलीसुद्धा नाही.

बायडाबाई वाटेतच थांबली. तिनं डोक्यावरचं इरलं काढलं. कपाळाला वारं लागलं, केस घामानं चिकटलेले होते. तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि इरलं चाँदबीच्या हातात दिलं.

"घे बाई तुझं इरलं," ती म्हणाली. "आता शेळीनं खाल्लं तरी चालतंय."